नोंदीबाहेरची रानजुई

आषाढाच्या आरंभी रामगिरीच्या माथ्याला बिलगलेल्या मेघाचे स्वागत विरही यक्षाने केले, ते कुड्याची ताजी फुले वाहून. तोच मेघ पुढे विदिशा ओलांडून जातो, तेव्हा वननद्यांच्या काठावरील बागांतून यूथिकेच्या कळ्यांवर तुषार शिंपण्याचे काम कवी त्याच्यावर सोपवतो. तेथे फुले खुडून घामेजलेल्या बायकाही आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर क्षणभर सावली धरण्यास कवी मेघाला सांगतो. ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे नागपूर जिल्ह्यातील रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. काही विद्वान हा मान सरगुजातील रामगडला देतात. तो वाद येथे बाजूला ठेवू. रामटेकच्या लोकांनी कालिदासाला आपला मानले आहे. तेथे कवीचे स्मारक आहे आणि १९९७ पासून त्याच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालयही आहे.

या काव्यातील यूथिका म्हणजे आपली जुई. अमरकोशाने तिला मागधी, गणिका, अंबष्ठा अशी आणखी नावे दिली असून पिवळ्या फुलांच्या प्रकाराला हेमपुष्पिका असे वेगळे नाव ठेवले आहे. दीड हजार वर्षांपूर्वी ज्या भाषेने पांढऱ्या आणि पिवळ्या जुईची गल्लत होऊ दिली नाही, त्या भाषेचे विद्यापीठ आज ज्या टेकडीच्या सावलीत उभे आहे, तिच्या उतारांवर आणि भोवतालच्या रानांत जुई-कुंदाच्या कुळातील किती वेली आज जिवंत आहेत? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर गावाच्या आणि तालुक्याच्या दप्तरात असायला हवे, असे मात्र सहसा कोणालाही वाटत नाही. एखाद्या रानजुईची ‘नवी जाती’ सापडल्याची बातमी उद्या याच रानातून आली, तर तिचे कौतुक दोन दिवस होईल. त्या कौतुकाच्या आधी काय घडावे लागते आणि नंतर काय घडायला हवे, याचा विचार आजच केलेला बरा.

जुईचे कुळ मोठे आहे. वनस्पतिशास्त्रात ज्याला ‘जास्मिनम’ म्हणतात त्या वंशाच्या सुमारे दोनशे जाती जगभर आहेत आणि त्यांतील चाळिसेक भारतात आढळतात. ऑलिव्हचे झाड आणि आपला पारिजातक हे त्यांचे भाऊबंद. फुलाची लांब, बारीक नळी, तिच्या टोकाशी पसरलेल्या पांढऱ्या पाकळ्या, आत दोनच पुंकेसर आणि संध्याकाळनंतर दरवळणारा गंध ही या कुळाची ओळख. हा गंध माणसासाठी नसून रात्री उडणाऱ्या, लांब सोंडेच्या पतंगांसाठी असतो. पण जातीजातींतील भेद ओळखायचा, तर फुलाच्या सौंदर्यावरून नजर काढून पानांकडे आणि फुलाखालच्या हिरव्या निदलपुंजाकडे पाहावे लागते. मोगरा, कुंद आणि रानातली कुसर यांची पाने साधी, एकेकटी असतात. जाईचे पान सात-नऊ पर्णिकांचे असते आणि तिच्या कळ्यांना बाहेरून गुलाबी छटा असते. जुईच्या मुख्य पानाच्या देठाशी दोन इवल्या पर्णिका कानांसारख्या चिकटलेल्या असतात; त्यावरूनच तिला ‘कर्णयुक्त’ अशा अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. कुंदाच्या निदलाचे दाते सुतासारखे लांब आणि केसाळ असतात.

कुसर ही सह्याद्रीतील वेल उन्हाळ्यात फुलते. कोकणपट्टीत तिलाच कोणी रानमोगरा म्हणते. पुण्यातील संशोधकांनी अलीकडे तिचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा तिच्या काही वेलींवर स्त्रीकेसराचा दांडा लांब, तर काहींवर आखूड असतो आणि अशा दोन्ही वेली रानात शेजारी शेजारी नांदतात, असे दिसून आले. एका वेलीचे पराग दुसरीकडे पोहोचावेत, अशीच ही सोय आहे. एखादी दुर्मीळ वेल सापडली म्हणून तिचे एक रोप उचलून उद्यानात लावले की काम झाले, ही समजूत किती तोकडी आहे, हे यावरून लक्षात यावे. वेल वाचवायची तर तिच्या सोबतिणी, त्यांच्यात ये-जा करणारे पतंग आणि ज्या झाडावर ती चढते ते झाड, हे सगळे वाचावे लागते.

नावांचा घोळ तर पुरातन आहे. संस्कृत कोशांतील मालती म्हणजे जाई. मराठी अंगणातील मधुमालती मात्र त्या कुळातलीच नव्हे. रात्री दरवळते म्हणून रातराणीला जुईची बहीण मानणारे पुष्कळ भेटतील, पण ती अमेरिकेतून आलेली पाहुणी आहे. सामान्य माणसाचे सोडाच, खुद्द लिनियसने १७५३ साली मोगरा आणि पारिजातक एकाच वंशात घातले होते. मोगऱ्याला त्याच्या खऱ्या घरी परत यायला १७८९ साल उजाडावे लागले. नाव बरोबर पडायला वेळ लागतो, नमुने लागतात आणि पुन्हा पुन्हा पाहणारे डोळे लागतात.

मग ‘नवी जाती’ म्हणजे काय? ती वेल काल उगवलेली नसते. लाखो वर्षे ती तेथेच असते. गुराख्याला ती ठाऊक असते, कधी वैदूलाही ठाऊक असते, आणि त्यांच्या बोलीत तिला नावही असू शकते. शास्त्राच्या वहीत तिची नोंद झालेली नसते, एवढ्याच अर्थाने ती नवी. ही नोंद करण्याचे नियम काटेकोर आहेत. फुलांफळांसह वाळवलेला एक मूळ नमुना मान्यताप्राप्त वनस्पतिसंग्रहात कायमचा ठेवावा लागतो. जवळच्या सर्व जातींहून ती कशी वेगळी आहे हे लिहून, तपासून घेऊन प्रसिद्ध करावे लागते. हे वर्णन १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्येच असावे लागे. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालते. म्हणजे रामटेकच्या रानातील वेलीचे कितीही अचूक वर्णन मराठीत केले, तरी नामकरणासाठी ते ग्राह्य नाही. जगाला एक सामाईक व्यवहारभाषा हवी, हे मान्य केले तरी ज्याच्या बांधावर ती वेल आहे, त्याच्या भाषेत तिची माहिती निदान दुसऱ्या वहीत तरी असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

तसे घडल्याचा दाखला तीनशे वर्षांहून जुना आहे. सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘होर्टुस मलबारिकुस’ सिद्ध केला. मोगऱ्याच्या कुळातील वेलीही त्यात चितारलेल्या आहेत. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोकणी वैद्यांनी त्यासाठी माहिती पुरवली. या तिघांचे १६७५ सालचे कोकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथात देवनागरी अक्षरांत छापलेले आहे. माहिती कोणाकडून घेतली, हे त्यांच्याच लिपीत लिहून ठेवण्याचा प्रांजळपणा त्या परकी अधिकाऱ्याने दाखवला.

आजच्या काळातील उदाहरण कोल्हापूरकडचे आहे. विशाळगडाच्या परिसरात तेथील महाविद्यालयीन संशोधकांना कंदीलपुष्पाची एक अनोळखी वेल आढळली. डॉ. एस. आर. यादव यांच्यासारख्या जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञाची जोड त्यांना मिळाली आणि २०२३ साली ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ या नावाने ती जगाच्या वहीत चढली. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की तो शोध योगायोगाचा नव्हता. शिवाजी विद्यापीठात आणि आसपासच्या महाविद्यालयांत कंदीलपुष्पांचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. अनोळखी वेल अनोळखी आहे हे कळण्यासाठी आधी ओळखीच्या सगळ्या वेली ठाऊक असाव्या लागतात. भारतात अजूनही दरवर्षी शेकड्यांनी वनस्पतींची नव्याने नोंद होते. ती जेथे अभ्यासाची परंपरा आहे तेथे अधिक होते, आणि जेथे नाही तेथे रान रिकामे आहे असा गैरसमज दृढ होतो.

रामटेकच्या वाट्याला हे दुर्लक्ष काहीसे इतिहासानेच आले. थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ लिहिला, त्यात नागपूर बसणे शक्य नव्हते, कारण ते तेव्हा मध्य प्रांतात होते. पश्चिम महाराष्ट्रातील अभ्यासकाला शंभर वर्षांपूर्वीचा जो आधार हाताशी मिळतो, तो विदर्भातील अभ्यासकाला मिळत नाही. नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ना. रा. उगेमुगे यांचा ग्रंथ १९८६ साली आला. एका माणसाने आयुष्य वेचून केलेली अशी कामे मोलाचीच असतात. पण ती एकदा करून संपणारी नसतात. जमाखर्चाप्रमाणे ती दरसाल पुढे ओढावी लागतात.

या भागात कोणी नोंद घेण्यासाठी फिरकलेच नाही, असे मात्र नव्हे. एकोणिसावे शतक संपता संपता नागपूर जिल्ह्यात मँगनीजचा शोध लागला. रामटेकशेजारचे मनसर आणि कांद्री ही नावे खाणींमुळे दूरवर पोहोचली. भूशास्त्रज्ञ फर्मर याने १९०९ साली भारतातील मँगनीज साठ्यांवर प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याने या पट्ट्यातील एका खडकाला गोंड लोकांच्या नावावरून ‘गोंडाइट’ म्हटले, आणि जिल्ह्यातील बेलडोंगरी या गावाचे नाव एका खनिजाला दिले. गावोगावच्या दगडांची नावे, जाडी, प्रत, सारे लिहिले गेले, कारण त्या दगडाला लंडनच्या बाजारात भाव होता. त्याच दगडावर वाढणाऱ्या झुडपांना भाव नव्हता, म्हणून त्यांची मोजदाद झाली नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. ज्याला बाजारात किंमत आहे त्याची नोंद आधी होते. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसान हिशेबात धरले जात नाही. आणि जे हिशेबात नाही ते गमावताना कोणालाच काही गमावल्यासारखे वाटत नाही.

हे केवळ जुन्या काळचे आहे असे समजू नये. वनजमीन खाणीला, रस्त्याला किंवा धरणाला द्यायची झाली, तर तिचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरून घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ते हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरवून दिले. केंद्र सरकारने २०२२ साली ते ९.५७ लाख ते १५.९५ लाखांवर नेले. राष्ट्रीय उद्यानांसाठी आणि अभयारण्यांसाठी ते कैक पटींनी अधिक असते. जंगलाला काहीच किंमत नाही, असे मानण्यापेक्षा ही पद्धत निःसंशय चांगली. पण हा दर वनाचा प्रकार आणि घनता यांवर ठरतो. जगात अन्यत्र कोठेही नसलेली वेल ज्या हेक्टरात आहे तो हेक्टर आणि तिच्या शेजारचा दुसरा, दोहोंचा दर एकच. वनजमिनीच्या प्रस्तावात तेथे दुर्मीळ वनस्पती आहेत काय, असे विचारणारा एक रकाना असतो, हे खरे. परंतु त्या रकान्यात लिहायचे ते अस्तित्वात असलेल्या याद्यांवरून. जिचे नावच कोणत्याही यादीत नाही, तिच्याबद्दल प्रामाणिक अधिकाऱ्यालाही ‘नाही’ असेच लिहावे लागते. कोणीही खोटे न बोलता एक जीवजाती नष्ट होऊ शकते, ती अशी.

यावर व्यवहारी माणसाचा प्रश्न ठरलेला आहे. एखादी रानवेल गेली तर बिघडले काय? बाजारात मोगऱ्याचे गजरे तर मिळतच राहतील. या प्रश्नाचे उत्तर रामटेकच्या पानमळ्यांत शोधता येते. रामटेकचे विड्याचे पान एके काळी दूरदूरच्या बाजारांत जात असे. बरई मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही नागवेल बियांपासून वाढत नाही; वेलीचेच तुकडे बेणे म्हणून लावले जातात. म्हणजे एका मळ्यातील सगळ्या वेली एकाच वेलीच्या जणू प्रतिकृती असतात. त्यामुळे पानाची चव टिकते, पण मर रोगाने एक वेल धरली की सारा मळा धोक्यात येतो. लागवडीतल्या मोगऱ्याचेही असेच आहे. त्याला बी क्वचितच धरते आणि तो फांद्या लावूनच वाढवला जातो. मदुराईच्या ‘मल्ली’ला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, उडुपीच्या मल्लिगेलाही ते मिळालेले आहे. दक्षिणेत हजारो कुटुंबे या फुलांवर पोट भरतात. पानांवर व कळ्यांवर गाठी आणणाऱ्या सूक्ष्म कोळ्याने तेथील जुईच्या मळ्यांना ग्रासले, तेव्हा त्या कोळ्याला दाद न देणारी ‘परिमुल्लै’ ही जात शेतकऱ्यांच्या उपयोगी पडली. असा प्रतिकार निवडण्यासाठी मुळात वैविध्य शिल्लक असावे लागते, आणि ते वैविध्य बियांपासून वाढणाऱ्या रानवेलींत असते. विम्याचा हप्ता भरताना तो वाया गेला असे वाटते. घराला आग लागल्यावर त्याचा अर्थ कळतो. रानजुई हा फुलशेतीचा विमा आहे आणि त्याचा हप्ता म्हणजे थोडेसे रान राखणे.

ही जाण कायद्याने स्वीकारलेली आहे. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने समिती नेमायची आणि लोकांच्या मदतीने आपल्या हद्दीतील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची ‘लोक जैवविविधता नोंदवही’ करायची आहे. या कल्पनेमागे प्रा. माधव गाडगीळ यांचे दीर्घ चिंतन होते. परंतु २०१६ साली देशभरात अशा समित्या दहा हजारांहून कमी आणि नोंदवह्या दीड हजारांहून कमी होत्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि ती न पाळणाऱ्या राज्याला दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील, असे बजावले. मग चक्रे फिरली आणि काही वर्षांतच दोन्हींची संख्या अडीच लाखांच्या पुढे गेली. चौदा वर्षांत जे काम दीड हजारांवर थांबले होते ते इतक्या झपाट्याने कसे पूर्ण झाले असेल, याची कल्पना सरकारी कचेरीत वर्ष-दोन वर्षे काढलेल्या कोणालाही करता येईल. दंडाच्या भीतीने भरलेली नोंदवही आणि रान पायाखाली घालून भरलेली नोंदवही यांत जो फरक असतो, तो बाहेरून दिसत नाही. दोन्हींवर शिक्का सारखाच असतो.

महाराष्ट्राचे राज्य जैवविविधता मंडळ २०१२ पासून नागपुरात आहे. रामटेकहून ते पन्नासेक किलोमीटरवर. पेंचचे व्याघ्र राखीव क्षेत्र आणि मानसिंगदेव अभयारण्य याच परिसरात आहेत. संस्कृत विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत, शाळा तर गावोगावी आहेत. तेव्हा साधनांचा अभाव ही सबब येथे पुरी पडत नाही. अभाव आहे तो हे सगळे एकत्र जोडण्याचा. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने वेलीचे पान-फूल ओळखावे, संस्कृतच्या विद्यार्थ्याने यूथिका, माधवी, अतिमुक्त या नावांचा कोशांतून माग काढावा, आणि दोघांनी मिळून गावातील जाणत्या माणसाकडे, विशेषतः रानात सरपणासाठी व मोहफुलांसाठी जाणाऱ्या बायकांकडे जाऊन बोलीतील नावे लिहून घ्यावीत. कवीला फुले खुडणाऱ्या बायकांचा घाम दिसला होता. आपल्या नोंदवहीत त्यांचे ज्ञान दिसू नये, हे बरे नव्हे.

एक सावधगिरी मात्र हवी. दुर्मीळ वनस्पतीचा ठावठिकाणा जाहीर झाला की हौशी संग्राहक आणि रोपविक्रेते तेथे पोहोचतात, आणि शोधानेच ती अधिक दुर्मीळ होते. म्हणून नोंद नेमकी असावी, पण नेमकी जागा गावसमितीच्या आणि वनखात्याच्या वहीतच राहावी. वेलीचे नाव सर्वांचे, तिचा पत्ता मात्र राखणाऱ्यांचा, असा दंडक घालता येईल.

यासाठी फार पैसा लागत नाही. वनस्पतीचा नमुना तयार करण्याची रीत दोनशे वर्षांत फारशी बदललेली नाही. फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरायची, वजनाखाली दाबायची, कागद रोज बदलायचे, आणि वाळल्यावर जाड कागदावर चिकटवून खाली तारीख, गाव, उंची, स्थानिक नाव आणि सांगणाऱ्याचे नाव लिहायचे. एका शाळेने वर्षाला पन्नास नमुने केले, तर दहा वर्षांत तालुक्याजवळ असा संग्रह होईल, की ज्यावरून एखादी वेल ओळखीची की अनोळखी, हे नागपूरला किंवा पुण्याला विचारण्याजोगे तरी होईल. कदाचित त्यात नवी जाती निघणार नाही. निघाली नाही, तरी पुढच्या वेळी वनजमिनीचा प्रस्ताव आला, म्हणजे दुर्मीळ वनस्पतींच्या त्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिण्यापूर्वी कोणाला तरी तो संग्रह उघडून पाहावा लागेल.

पाऊस दरसाल येतो आणि रामगिरीला मेघ दरसाल बिलगतो. खाली रानात त्याच्या थेंबांची वाट पाहणाऱ्या वेली किती आहेत आणि कोणत्या आहेत, हे एकदा नीट मोजून ठेवणे तालुक्यातल्या शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. त्याचा आरंभ येत्या पावसाळ्यात, घरातल्या रद्दीच्या चार कागदांनिशी करता येईल.